वाड्याची देवडी आणि घरचा सर्व्हर

एक जुना संगणक कोपऱ्यात चालू ठेवायचा, त्याला चार-आठ टेराबाइटची डिस्क जोडायची आणि तिच्यावर सिनेमे, नाट्यसंगीत, लग्नाच्या व्हीएचएस टेपवरून उतरवून घेतलेलं चित्रण, आजोबांच्या कॅसेटमधली कीर्तनं असं सगळं भरून ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बघायचं. इथपर्यंतचं काम आता अवघड राहिलेलं नाही. जेलीफिन, एम्बी किंवा प्लेक्स बसवलं की एका संध्याकाळीत पोस्टरांसकट सगळा संग्रह पडद्यावर मांडून येतो. खोळंबा होतो तो उंबरठ्यावर. घरात १९२.१६८.१.१० असा पत्ता आणि त्यापुढे ८०९६ हा पोर्ट टाकला की जे दिसतं, ते पुण्यात शिकायला गेलेल्या मुलीला किंवा टोरांटोतल्या भावाला दिसत नाही. मग राउटरवर ८०९६ थेट उघडून मोकळे होणारे पुष्कळ असतात. सिनेमा दिसू लागतो, आणि पासवर्डही वाटेतल्या कोणालाही वाचता येईल अशा रूपात जाऊ लागतो. प्रस्तुत पुस्तक या उंबरठ्याची नीट व्यवस्था कशी लावावी, याचं आहे.

ती व्यवस्था म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. जुन्या वाड्याला देवडी असे. येणाऱ्याने तिथे थांबायचं, कोणाकडे काम आहे ते सांगायचं, मग देवडीवरचा माणूस आत वर्दी देई आणि उत्तर घेऊन येई. आत चौक किती, मुदपाकखाना कुठे, कोण कुठल्या खोलीत बसतं, हे बाहेरच्याला कळायचं कारण नसे. रिव्हर्स प्रॉक्सी सर्व्हरच्या बाजूने उभी राहून तेवढंच करते. कचेरीत किंवा कॉलेजात भेटणारी प्रॉक्सी उलट दिशेची: ती आतल्या लोकांच्या वतीने बाहेर जाते, आणि बऱ्याचदा कुठे जायचं नाही हेही तीच ठरवते.

हा सगळा विषय खरं तर एका विनंतीच्या प्रवासाचा आहे. तो प्रवास एकदा डोळ्यांपुढे आणता आला की पुढचं निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो. पुण्यातली मुलगी ब्राउझरमध्ये घरच्या डोमेनचं नाव टाकते. डीएनएस त्या नावाचा आयपी पत्ता देतं, आणि तो घरच्या राउटरचा असतो. राउटरला एवढंच सांगून ठेवलेलं असतं, की ४४३ पोर्टवर आलेलं सगळं अमुक यंत्राकडे पाठव. त्या यंत्रावर प्रॉक्सी ऐकत बसलेली असते. सांकेतिक संभाषण सुरू होण्याआधीच ब्राउझर आपल्याला कोणतं नाव हवंय ते सांगतो. ही सोय २००३ च्या टीएलएस विस्तारांमधून आली, आणि तिच्यामुळेच एका आयपी पत्त्यावर अनेक सर्टिफिकेटं नांदू शकतात. प्रॉक्सी त्या नावाचं सर्टिफिकेट दाखवते, किल्ल्यांची देवाणघेवाण होते, मग विनंती उलगडली जाते. तिच्यातल्या होस्ट या हेडरवरून प्रॉक्सी ठरवते, की हे जेलीफिनकडे, ते फोटोंच्या सर्व्हरकडे. जेलीफिनला ती साध्या एचटीटीपीत ८०९६ वर गाठते, उत्तर घेते, पुन्हा सांकेतिक करते आणि परत पाठवते.

आता यातली मेख. जेलीफिनच्या दृष्टीने सगळे पाहुणे एकाच माणसाकडून येतात, प्रॉक्सीकडून. खरा पाहुणा कोण हे प्रॉक्सीने वेगळ्या हेडरमधून सांगावं लागतं, आणि जेलीफिननेही अमुक प्रॉक्सीवर विश्वास ठेवायचा हे आपल्या सेटिंगमध्ये नोंदवून ठेवावं लागतं. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मग नोंदींमध्ये टोरांटोतला भाऊ आणि स्वयंपाकघरातला टॅबलेट एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. एवढ्यावर भागत नाही. प्रॉक्सी घरातल्याच जाळ्यात असल्याने जेलीफिन सगळ्यांनाच घरचे समजतं, आणि बाहेरच्या प्रेक्षकांसाठी ठेवलेली बिटरेटची मर्यादा लागूच होत नाही. मग एका ४के चित्रपटाने घरचा अपलोड भरून जातो आणि दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो. वेबसॉकेटचंही, म्हणजे दोन्ही बाजूंनी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचंही, असंच. कॅडी आणि ट्राफिक या प्रॉक्सी ते आपणहून सांभाळतात, एनजिनएक्सला स्पष्ट सांगावं लागतं. नाही सांगितलं तर चित्रपट व्यवस्थित चालतो, पण फोनवरून टीव्हीचं नियंत्रण आणि दोन गावांतल्या माणसांनी एकाच वेळी एकच सिनेमा बघण्याची सोय बंद पडते. चित्र तर दिसतंय, मग बिघडलंय काय, या कोड्यात माणूस तासन्‌तास घालवतो.

या तंत्राला तीस वर्षांचा इतिहास आहे. त्यातली सुरुवातीची वर्षं घरासाठी नव्हतीच. १९९४ साली सर्नमध्ये आरी लुओटोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेब प्रॉक्सी मांडली ती आतल्या लोकांना बाहेर नेणारी होती. १९९६ मध्ये स्क्विड आलं, त्याच सुमारास अपाचेत प्रॉक्सीचा भाग आला, आणि गर्दीच्या संकेतस्थळांच्या पुढे प्रॉक्सी उभी करून मागच्या सर्व्हरवरचा भार हलका करता येतो हे लोकांच्या लक्षात आलं. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने प्रत्येक विनंतीत होस्टचं नाव सक्तीचं केलं. नावावरून वाट ठरवण्याचा पाया तो. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न टाकला, की एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत? २००१ च्या सुमाराला विली तारो यांचं एचएप्रॉक्सी आलं. रशियात रँबलर या कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोयेव यांनी २००२ मध्ये एनजिनएक्स लिहायला घेतलं आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रक्रिया न देता मोजक्या प्रक्रियांनी हजारो जोडण्या आळीपाळीने हाताळायच्या, ही त्याची रीत. घरात दहा हजार पाहुणे येत नाहीत हे खरं. पण त्याच काटकसरीमुळे हे सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावरही सुखाने चालतं. २०१९ मध्ये एफ५ कंपनीने एनजिनएक्स विकत घेतलं, २०२२ मध्ये सिसोयेव बाहेर पडले, २०२४ मध्ये मुख्य विकासकांपैकी एकाने फ्रीएनजिनएक्स नावाची वेगळी चूल मांडली. घरी वापरणाऱ्याला यातलं काही रोज जाणवत नाही.

दुसरा प्रवाह मीडिया सर्व्हरचा. २००२ साली एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिलेल्या प्लेयरपासून एक्सबीएमसी झालं, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. त्याच्याच मॅकसाठीच्या एका फाट्यातून प्लेक्स निघालं. मीडिया ब्राउझरचं एम्बी झालं, आणि एम्बीने आपला स्रोत बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी शेवटचा खुला स्रोत उचलून जेलीफिन सुरू केलं. प्लेक्सवाल्यांना बरीच वर्षं रिव्हर्स प्रॉक्सीची गरजच पडली नाही, कारण २०१५ पासून कंपनी प्रत्येक सर्व्हरला स्वतःच्या डोमेनखालचं सर्टिफिकेट देत होती, आणि थेट जोडणी जमली नाही तर कमी दर्जाचं चित्र स्वतःच्या यंत्रांमार्फत पोचवत होती. जेलीफिनच्या मागे अशी कंपनी नाही. ते बसवणाऱ्याला उंबरठ्याचं काम स्वतःच्या हातांनी करावं लागतं. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःच्याच सर्व्हरवरचे व्हिडिओ बघायला शुल्क लावलं, तेव्हा जेलीफिनकडे वळणाऱ्यांना ही तफावत चांगलीच जाणवली. मला त्या शुल्काचा राग येत नाही. पोचवण्याची सेवा कोणीतरी चालवत होतं आणि तिला खर्च होता. ती सेवा नेमकं काय करत होती हे मात्र आपल्याला ठाऊक असावं, नाहीतर पैसे द्यावेत की स्वतः राबावं हे ठरवणार कशाच्या आधारावर?

दोन्ही प्रवाह घरात एकत्र आले ते सर्टिफिकेटांमुळे. २०१० मध्ये फायरशीप नावाच्या फायरफॉक्सच्या एका छोट्या जोडणीने दाखवून दिलं, की उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याचं खातं चार टिचक्यांत उघडता येतं. पण सर्टिफिकेट विकत घ्यायचं, दर वर्षी नूतनीकरणाची आठवण ठेवायची, हे घरच्या हौसेसाठी कोण करणार? डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट सर्वांना खुलं झालं. सर्टिफिकेट फुकट, मुदत ९० दिवसांची, आणि नूतनीकरण यंत्राने करावं अशीच रचना. मार्च २०१८ पासून एका डोमेनखालच्या सगळ्या उपनावांना चालणारं वाइल्डकार्ड सर्टिफिकेटही मिळू लागलं. आता उलटा रेटा सुरू आहे. ब्राउझर बनवणारे आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं, की सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायची. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी ईमेलंही जून २०२५ मध्ये थांबवली. म्हणजे कॅलेंडरवर खूण करून हाताने सर्टिफिकेट बदलण्याचे दिवस गेले. या विषयावर मराठीत पुस्तक आत्ता यायचं हे एक ठोस कारण आहे.

आता संप्रदायांकडे. हे काम करणाऱ्यांमध्ये तट आहेत आणि ते कडवट आहेत. पहिला तट हाताने कॉन्फिग लिहिणाऱ्यांचा, एनजिनएक्स, अपाचे, एचएप्रॉक्सीवाल्यांचा. इथे प्रत्येक हेडर तुम्ही लिहिता, म्हणून प्रत्येक हेडर तुम्हाला माहीत असतो. निदान असायला हवा. प्रत्यक्षात बरेच जण दुसऱ्याची पन्नास ओळींची फाइल उचलून डोमेनचं नाव तेवढं बदलतात. दुसरा तट कॅडीचा. मॅट होल्ट यांनी २०१५ मध्ये आणलेल्या या सर्व्हरमध्ये सर्टिफिकेट मिळवणं आणि नवं करणं हे न सांगता होतं. जेलीफिनसाठी तीन ओळी पुरतात. तिसरा तट ट्राफिकचा. डॉकरच्या कंटेनरांवर लावलेल्या लेबलांवरून हा स्वतःच वाटा शोधतो. रोज नवा कंटेनर उभा करणाऱ्याला तो सोयीचा. पण त्यासाठी डॉकरच्या सॉकेटवर नजर ठेवायची मुभा द्यावी लागते, आणि ती मुभा जवळजवळ पूर्ण यंत्राची किल्ली आहे हे बसवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना उमगतं. चौथा, एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजरसारख्या पॅनेलचा. माऊसने चार चौकटी भरा, काम झालं. नवख्याला दिलासा देणारी गोष्ट आहे, फक्त तिचं ८१ पोर्टवरचं पान चुकूनही बाहेर उघडू नये.

माझं मत विचाराल तर सुरुवात कॅडीने करावी आणि महिनाभरानंतर तेच सगळं एनजिनएक्समध्ये एकदा लिहून बघावं. कॅडी मुकाट्याने काय काय करत होतं ते तेव्हा कळतं. पुस्तकाचे लेखक एनजिनएक्सपासून सुरू करतात. यावर आमची बरीच हुज्जत झाली आणि ती मिटलेली नाही.

या सगळ्यांच्या पलीकडे एक पंथ म्हणतो, की दार उघडताच कशाला? मार्च २०२० मध्ये वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यात आलं आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या टेलस्केलसारख्या सेवांनी घरचं जाळं फोनपर्यंत ओढून नेणं सोपं केलं. दोघा-तिघांसाठी हाच मार्ग चांगला, हे मी बिनदिक्कत सांगतो. पण सासूबाईंच्या टीव्हीवर व्हीपीएनचं ॲप चढवता येत नसेल, किंवा चढवलेलं चालूच राहत नसेल, तिथे हा मार्ग संपतो. क्लाउडफ्लेअरचं टनेल २०२१ पासून फुकट आहे आणि त्याला राउटरवर काहीही उघडावं लागत नाही. मात्र तिथे सांकेतिक आवरण त्यांच्या यंत्रावर उलगडतं, आणि त्यांच्या जाळ्यातून व्हिडिओसारखा जड माल वाहण्यावर त्यांच्या अटींत बंधनं आहेत. त्या अटी वाचून मग ठरवावं.

भारतात हा पंथ केवळ आवडीने वाढलेला नाही. आयपीव्ही४ मध्ये सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते, आणि आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. पुढे ब्रॉडबँड घेणाऱ्या असंख्य घरांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळालाच नाही; एका पत्त्यामागे अनेक घरं बसवली गेली. यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा वेगळा पट्टा राखून ठेवला गेला. असं घर असेल तर राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा पाहुणा तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. परदेशी मार्गदर्शिका वाचून बसणारा मराठी वाचक इथे हमखास अडतो, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या घरी ही अडचण बहुधा नसते. उपाय तीन: जास्तीचे पैसे देऊन स्थिर पत्ता घ्यायचा, मुंबई किंवा बंगळुरूतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन प्रॉक्सी तिथे ठेवायची आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा न्यायचा, नाहीतर आयपीव्ही६ वापरायचं. २०१६ मध्ये जिओ आल्यावर आपल्याकडे आयपीव्ही६ झपाट्याने पसरलं आणि वापराच्या प्रमाणात भारत जगातल्या पुढच्या देशांत गणला जातो. पण पाहणाऱ्याच्या बाजूलाही ते असावं लागतं, आणि हॉटेलच्या वायफायवर ते असेलच असं नाही.

मराठी वाचकाच्या मनात येणारी आणखी एक शंका: डोमेन देवनागरीत घेता येतं का? येतं. .भारत २०१४ पासून मिळतं आणि लेट्स एन्क्रिप्ट अशा नावांना सर्टिफिकेटही देतं. ब्राउझर मात्र ते नाव आतल्या आत रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलतो, आणि एनजिनएक्सच्या फाइलमध्ये तेच रूप लिहावं लागतं. एकदा लिहिलं की झालं.

आता सुरक्षेबद्दल, कारण सर्वांत जास्त भाबडेपणा इथे आहे. प्रॉक्सी बसवली, कुलूपचिन्ह दिसलं, म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला असं समजणारे खूप. देवडीवरचा माणूस कोण आलं ते बघतो, पण आतल्या खोलीचं दार मोडकं असेल तर तो ते दुरुस्त करत नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत शिरकाव झाला, तेव्हा हल्लेखोर तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावर प्लेक्समधल्या जुन्या उणिवेतून घुसले होते. त्या उणिवेवरची दुरुस्ती मे २०२० मध्येच आलेली होती. ती बसवली गेली नव्हती. दुसरी गोष्ट, सार्वजनिक सर्टिफिकेट निघालं की त्यातलं नाव सर्वांना वाचता येणाऱ्या नोंदवहीत जातं. जेलीफिनच्या नावाने उपडोमेन काढलंत तर थोड्याच वेळात यंत्रमानव दार ठोठावू लागतात. वाइल्डकार्ड सर्टिफिकेटने नाव झाकता येतं, पण झाकलेलं नाव म्हणजे संरक्षण असं धरून चालू नये. तिसरी, आणि मला सर्वांत खटकणारी: डॉकर पोर्ट उघडताना थेट आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम बाजूला राहतात. भाड्याच्या सर्व्हरवर माणूस समोर प्रॉक्सी थाटात उभी करतो, यूएफडब्ल्यूमध्ये ८०९६ बंद दिसतो, आणि तो पोर्ट मागे सताड उघडा असतो.

प्रॉक्सीपुढे ऑथेलियासारखी वेगळी ओळखतपासणी बसवण्याचा मोह होतो. ब्राउझरपुरती ती ठीक चालते, पण टीव्हीवरच्या जेलीफिन ॲपला मधेच आलेलं लॉगिनचं पान समजत नाही आणि ते मुकाट बंद पडतं. हा पेच पूर्ण सुटलेला नाही. लेखकांनी सुटल्याचा आव आणलेला नाही, हे मला आवडलं.

या पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान आहे. डेबियनवर चालणारा एक छोटा संगणक, त्यावर जेलीफिन, समोर एक प्रॉक्सी, एक डोमेन, आणि बाहेरगावी असलेलं कुटुंब. ट्रान्सकोडिंगची चर्चा जवळजवळ नाही, कारण प्रॉक्सीचा तिच्याशी संबंध नाही. ग्राफिक्स चिप दमली तर प्रॉक्सी काही करू शकत नाही. दुसऱ्यांचे चित्रपट उतरवून घेण्याचे मार्गही इथे सापडणार नाहीत. त्याऐवजी लेखकांनी लॉग वाचण्यावर भर दिला आहे. ५०२ हा त्रुटीचा क्रमांक दिसला तर प्रॉक्सीला मागचा सर्व्हर गवसलेला नाही किंवा त्याने धड उत्तर दिलेलं नाही, ५०४ दिसलं तर तो वेळेत बोललेला नाही, आणि काहीच नोंद नसेल तर विनंती प्रॉक्सीपर्यंत आलेलीच नाही, राउटरकडे किंवा डीएनएसकडे बघा. या तीन वाटा वेगळ्या ओळखता येणाऱ्याला सॉफ्टवेअर कोणतं का असेना, सारखंच असतं. पुढे इमिच, नेक्स्टक्लाउड किंवा होम असिस्टंट असा दुसरा सर्व्हर लावायचा झाला तरी हेच ज्ञान कामाला येईल, म्हणून एकाच सर्व्हरचं उदाहरण धरून शेवटपर्यंत जाण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. नवख्याला अर्धवट पाच प्रयोगांपेक्षा पुरा झालेला एक प्रयोग जास्त शिकवतो.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक करावं. राउटरच्या पानावर जाऊन डब्ल्यूएएन या शीर्षकाखालचा पत्ता टिपून घ्यावा, आणि आपला सार्वजनिक पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघावा. दोन्ही सारखे असतील तर पुस्तक पहिल्या पानापासून सरळ वाचत जावं. वेगळे असतील, त्यातही राउटरवरचा पत्ता वर सांगितलेल्या १०० च्या पट्ट्यातला असेल, तर पोर्ट उघडण्याच्या प्रकरणावर वेळ घालवू नये. भाड्याचा सर्व्हर आणि वायरगार्ड यांचं प्रकरण आधी वाचावं, तिथली आकृती कागदावर काढावी, आणि मग मागे यावं.